चार उकली

पेन थांबलं. फार वेळ नाही, माणसाने एक श्वास आत घेऊन बाहेर सोडावा एवढंच. पण थांबलं, आणि ग्लेनिस पास्कोला ते आधी हाताला कळलं, डोक्याला मागाहून. समोर चाकांच्या खुर्चीत टिल्डा नेहमीसारखी डोळे मिटून, मान मागे टाकून बसली होती. टिल्डाचे हात जन्मापासून तिचं ऐकत नाहीत, म्हणून लिहायचं काम असलं की ते ती खुर्चीच्या पट्ट्याखाली अडकवून ठेवते. शब्दही तिच्या तोंडून सहज येत नाहीत. एकेक शब्द ती आतून ओढून काढते, आणि तो बाहेर आला की पुढच्यासाठी पुन्हा दम घेते. "दोन्ही बाजूंना," ती म्हणाली होती, "कॉस थीटाने. भाग." आणि ग्लेनिसचं पेन त्या शेवटच्या शब्दाशी अडलं. मग तिने तो लिहिला. खाली दोन्ही बाजूंना छेदाची रेघ मारली. टिल्डा गप्प झाली. कोपऱ्यातल्या पर्यवेक्षकाने, वॉरिक डनस्टलने, तोंडातली पेपरमिंट या गालातून त्या गालात नेली. खिडकीबाहेर समुद्र होता, आणि क्षितिजावर कोळशाची वाट बघत उभी असलेली जहाजं होती, ती उन्हात पाण्यापासून वीतभर वर तरंगत असल्यासारखी दिसत होती. बऱ्याच वेळाने टिल्डा म्हणाली, "ती ओळ. खोड."

लेखनिकाचं काम ऐकायला सोपं आहे. परीक्षार्थी बोलेल ते लिहायचं, बोलणार नाही ते लिहायचं नाही. तो चुकला तर त्याची चूक सुवाच्य अक्षरात लिहायची. भुवई उडवायची नाही, हुंकार द्यायचा नाही, उसासा टाकायचा नाही. ग्लेनिसला या गोष्टीचा अभिमान होता, आणि तो काही थोडाथोडका नव्हता. निवृत्तीनंतर तिच्या वयाच्या बायका बोलिंगच्या हिरवळीवर पांढरे कपडे घालून चेंडू घरंगळवतात. ती ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या या शाळेत येऊन, शिक्षकांच्या खोलीशेजारच्या या लहान खोलीत, दुसऱ्याचे विचार कागदावर उतरवत बसायची. टिल्डाबरोबर तिचं वर्षभर जमलं होतं. दर गुरुवारी सराव. 'कंस', 'ओळ' म्हणजे नवी ओळ, 'मागे जा', 'छेद', एवढ्या चार-सहा शब्दांवर त्या दोघींचा संसार चालायचा. टिल्डाची आई एकदा म्हणाली होती, "ग्लेन, तुझं तोंड म्हणजे धुतलेली पाटी गं. काही कळत नाही त्यावरून." ग्लेनिसने वरवर ते हसण्यावारी नेलं, पण घरी जाऊन आरशात पाहिलं होतं. आणि आज, सराव नव्हे, बारावीची शेवटची परीक्षा, गणिताचा मोठा पेपर, आज त्या पाटीने नाही तर हाताने दगा दिला. टिल्डाला दक्षिणेत होबार्टला जायचं होतं, गणित शिकायला, आणि आईच्या डोळ्यांआड स्वतःच्या खोलीत राहायला. गुण असे काठावर होते की एका प्रश्नाने इकडचं तिकडे झालं असतं. लेखनिकाकडून खूण गेल्याचं कळलं तर तो प्रश्न गेला, आणि कुणाला फारच कायदा सुचला तर सगळा पेपर चौकशीत.

"उजवीकडचं. डावीकडे आण," टिल्डा म्हणाली. ग्लेनिसने आणलं. "कॉस थीटा. सामाईक काढ." ग्लेनिसने काढला. "कंस. दोन साइन थीटा वजा एक. कंस पूर्ण. बरोबर शून्य." कागदावर ते आता असं दिसत होतं की लहान मुलालाही कळावं: दोन गोष्टींचा गुणाकार शून्य आहे, म्हणजे दोन्हींपैकी एक तरी शून्य असणार. कंसातलं शून्य असेल तर साइन थीटा अर्धा, त्याच्या दोन उकली. कॉस थीटा स्वतःच शून्य असेल तर आणखी दोन. चार. टिल्डाने चारही सांगितल्या, पाय छेद सहा, पाच पाय छेद सहा, पाय छेद दोन, तीन पाय छेद दोन, आणि ग्लेनिसने त्या चारही लिहिल्या. भागून टाकलं असतं तर शेवटच्या दोन उकली कुणालाही न कळता गेल्या असत्या. सरळ हिशेब: मी थांबले, ती सावध झाली, दोन उकली परत आल्या. मग या दोन उकली कुणाच्या?

हे 'भागायचं नाही' प्रकरण ती फार वर्षांपूर्वी संध्याकाळच्या वर्गात शिकली होती. गोदीतल्या मुलामुलींसाठी तो वर्ग भरायचा, आणि शिकवणारे मिस्टर बॅलंटाइन यांच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. उरलेल्या बोटांत खडू धरून ते फळ्यावर असलंच काहीतरी लिहायचे, आणि कुणी हुशारीने दोन्हीकडचा कॉस कापून टाकला की खडू टेबलावर ठेवून म्हणायचे, "हाकललास ना बिचाऱ्याला? तो शून्य असेल तर? शून्याला कुणी दाराबाहेर काढू नये. तो एकटा जात नाही, जाताना घरातली दोन माणसं घेऊन जातो." पोरं हसायची. ग्लेनिस मागच्या बाकावर बसून त्या दोन माणसांचा विचार करायची. ती कुठे जात असतील? वहीच्या समासाबाहेर, बाकावरून खाली, खिडकीतून बंदराकडे. तेव्हा ती सतरा वर्षांची होती आणि दिवसभर गोदीच्या नकाशाघरात आराखडे गिरवत असे. निळसर, खळ दिलेल्या कापडाखाली मूळ आराखडा ठेवायचा आणि वरून शाईने रेघ न् रेघ उमटवायची. मुलींची प्रमुख मिस ओकशॉट रांगेतून फिरायची, तिच्या बुटांचा आवाज व्हायचा नाही, पण लव्हेंडरचा वास आधी यायचा. "मत वरच्या मजल्यावर असतं, मुलींनो," ती म्हणायची. "खाली फक्त शाई." उन्हाळ्यात मनगटाचा घाम कापडावर पडू नये म्हणून मुली हाताखाली टिपकागद धरायच्या. ग्लेनिसला ते काम आवडायचं. आपण कुणीच नाही, आपण एक स्वच्छ काच आहोत आणि आपल्यातून एक जहाज खाली उतरतंय, असं काहीतरी तिला वाटत असे, आणि संध्याकाळी ट्रामच्या जुन्या रस्त्याने घरी जाताना स्वतःचं वजन परत अंगात यायला थोडा वेळ लागत असे.

"पुढचा," टिल्डा म्हणाली. ग्लेनिसने पान उलटलं, प्रश्न वाचून दाखवला. एका शिडीचा प्रश्न होता, भिंतीला टेकलेली, हळूहळू घसरणारी. टिल्डाने डोळे मिटले. ग्लेनिसचा हात आता अगदी गुणी बाळासारखा चालत होता, कुठे अडत नव्हता, जणू मघाशी तो तिचा नव्हताच. आतमध्ये मात्र ती पुन्हा पुन्हा त्या जागी जात होती, जसं दात पडल्यावर जीभ जाते. थांबलं तेव्हा आवाज बंद झाला असेल का? टिल्डा बघत नाही, पण ऐकते. पेन खरखरत असतं आणि ते एकदम गप्प होतं, एवढंही पुरतं माणसाला. वॉरिकने पाहिलं का? वॉरिक आयुष्यभर याच शाळेत कवायत शिकवायचा. आता हातांची घडी घालून, गोळी चघळत, अर्धवट झोपेत तो जी काही देखरेख करत होता तिच्यात नजरेचा भाग फारसा नव्हता. बाहेर कोण्या मुलाच्या टोपीवर मॅग्पाय पक्षी झेपावला असावा. ओरडा झाला, मग हसणं, मग पुन्हा समुद्राची गाज. काही न बोलणं सोपं होतं. कुणालाही कळलं नसतं. नकाशाघरात ती हेच करायची.

नकाशाघरात कीथ आला तो अशाच एका न बोलण्यावरून. एका मालवाहू बोटीच्या आराखड्यात एक दार असं काढलं होतं की ते उघडलं तर थेट वाफेच्या नळावर आपटावं. ग्लेनिसला ते गिरवतानाच दिसलं होतं. तिने गिरवलं. दोन महिन्यांनी कीथ पास्को नावाचा एक बॉयलरवाला, कोपरापर्यंत काजळी, गुंडाळलेला आराखडा सोट्यासारखा धरून नकाशाघरात घुसला. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" त्याने विचारलं. मिस ओकशॉट जागेवर नव्हती. "डोक्याचं मला विचारू नका," ग्लेनिस म्हणाली, "मी काढलं नाही, गिरवलं." तो तिच्याकडे बघत राहिला. "म्हणजे तुला दिसलं होतं?" "दिसलं होतं." "आणि बोलली नाहीस?" "बोलण्याचा पगार मिळत नाही." कीथ एवढा हसला की रांगेतल्या सगळ्या मुलींनी पेनं उचलून धरली, शाई सांडेल म्हणून. शनिवारी त्याने तिला नाचायला नेलं. पुढे चाळीसएक वर्षं तो ही गोष्ट येईल त्या पाहुण्याला सांगायचा, आणि गंमत अशी की सांगताना शेवटचं वाक्य ग्लेनिस त्याच्या तोंडून काढून घ्यायची. ते एकच नाही, सगळीच. त्याला सांगायला वेळ लागायचा. तो वाक्याच्या मध्ये थांबून बिअरचा घोट घ्यायचा, खिडकीबाहेर बघायचा, आणि तेवढ्यात ग्लेनिस वाक्य पूर्ण करून मोकळी व्हायची. गोदीत गप्प राहून जे काही साठलं ते तिने घरी बोलून टाकलं. कीथ चिडला नाही कधी. "ही बघा माझी टंकलेखिका," म्हणायचा.

टिल्डाने विश्रांती मागितली. नियमाने तिला मधे मधे थांबता येत होतं, घड्याळ बंद करून. ग्लेनिसने पेन ठेवलं, टिल्डाची मान नीट केली, नळीने पाणी पाजलं. पेपरबद्दल बोलायला बंदी होती. तशीही टिल्डा विश्रांतीत बोलत नाही. तिच्या खांद्यातली ओढ सैल व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ ती कुठेतरी दूर असते. ग्लेनिस खिडकीशी गेली. खाली खडकात कोरलेला समुद्रस्नानाचा हौद दिसत होता. रोज सकाळी ती तिथे पोहते. आज आठवड्याची सफाई असल्यामुळे हौद रिकामा केला होता, आणि तळाचं रंगवलेलं सिमेंट उघडं पडलं होतं. एक माणूस रबरी बूट घालून तिथे लांब दांड्याच्या झाडूने शेवाळ घासत होता. पाणी नसताना तो हौद फार मोठा वाटतो, ग्लेनिसला नेहमी वाटायचं. आणि जहाजं तशीच. सकाळपासून एकही हललं नव्हतं. की हललं होतं? तिला वाटलं, आपण आता मिटल्या डोळ्यांनी चालत गेलो तर त्या उन्हावरून थेट जहाजांपर्यंत पोहोचू, आणि तिथे डेकवर कीथ आरामखुर्चीत पांघरूण घेऊन बसलेला असेल. "काय गं, मंगळवार?" असं म्हणेल.

मंगळवार. अर्धांगवायूचा झटका आल्यानंतर कीथकडे एवढा एकच शब्द उरला होता. का ते डॉक्टरांनाही सांगता येईना. भूक लागली तरी मंगळवार, नातू आला तरी मंगळवार, मोजे घट्ट झाले तरी मंगळवार, फक्त सूर वेगळा. ग्लेनिसने डोकं खाजवून पाहिलं. मंगळवारी त्यांच्या गल्लीत कचऱ्याची गाडी येते, एवढं सोडून मंगळवाराचं त्यांच्या आयुष्यात काही नव्हतं. मग इस्पितळातली ती बैठक. एक तरुण डॉक्टर होती, केसांना पेन्सिल खोचलेली, तिने खुर्ची ओढली आणि कीथच्या डोळ्यांशी डोळे येतील अशी बसली. ग्लेनिसला तिने विचारलंच नाही. "कीथ," ती म्हणाली, "इथून सुटल्यावर कुठे राहायला आवडेल? घरी, की तळ्याकाठच्या त्या शुश्रूषागृहात? की आणखी काही मनात आहे? सावकाश सांगा." तळ्याकाठच्या खोल्यांमधून होड्यांच्या डोलकाठ्या दिसतात; कीथची लहान होडीही तिथेच बांधलेली असे. कीथ खिडकीकडे बघायला लागला. त्याचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. तो काहीतरी शोधत होता, हे आज ग्लेनिसला स्पष्ट दिसत होतं. तेव्हा फक्त शांतता दिसली होती, आणि ती तिला सोसवली नाही. "घरीच," ती म्हणाली. "घरीच न्यायचंय त्याला. विचारायचं काय त्यात." डॉक्टरीण ग्लेनिसकडे वळली नाही. "कीथ? घरी?" कीथने मान वळवून ग्लेनिसकडे बघितलं, बराच वेळ. मग म्हणाला, "मंगळवार." सगळे हसले. ग्लेनिसही हसली. आणि तो घरी आला, आणि मागच्या खोलीत तीन वर्षं कुंपणाकडे बघत राहिला, आणि तिने त्याचं सगळं केलं, तळहातावरच्या फोडासारखं जपलं. घरी हे उत्तर चूक नव्हतं. पडताळून बघा, जुळतं. भागून टाकलं की जे उरतं ते खोटं नसतं, हेच तर त्यातलं वाईट. दोन खऱ्या उकली हातात येतात आणि माणूस समाधानाने त्यांच्याखाली दुहेरी रेघ मारतो. तळं असेल त्याच्या मनात. होडी असेल. कदाचित त्याला नुसतं पाणी हवं असेल. ग्लेनिसला कधीच कळणार नव्हतं, आणि खिडकीशी उभं राहून तिला याचं इतकं दुःख झालं की तिने काचेला कपाळ टेकलं.

"ग्लेन," टिल्डा म्हणाली. "चल."

उरलेला पेपर कसा लिहिला हे तिला नंतर आठवलं नाही. शिडी घसरून जमिनीवर आली. एक वर्तुळ आलं, त्याच्या बाहेरून स्पर्शरेषा आल्या. टिल्डाचे शब्द तिच्या कानातून शिरून हाताने बाहेर पडत होते आणि मधल्या वाटेत कुणी नव्हतं. ती पुन्हा सतरा वर्षांची होती, खळीचा वास येत होता, हाताखाली टिपकागद होता. एवढंच की आता तिला ठाऊक होतं की काच काही स्वच्छ नाही. दुपारचं ऊन टेबलावर सरकत आलं. वॉरिकने घड्याळ बघितलं, घसा साफ केला आणि म्हणाला, "झालं, बायांनो. वेळ संपली." तो उठला, पानं गोळा केली, लिफाफा उघडला. आणि ग्लेनिसने स्वतःचा आवाज ऐकला.

"वॉरिक, बंद करू नकोस. मी थांबले होते."

"थांबली होतीस म्हणजे?"

"लिहिताना. कॉस थीटाच्या प्रश्नाला. ती 'भाग' म्हणाली आणि माझं पेन थांबलं. भागणं चूक होतं. मला ते माहीत होतं. मग तिने ओळ खोडायला सांगितली."

वॉरिकने लिफाफा खाली ठेवला. "मला तर काही दिसलं नाही."

"तुझे डोळे मिटलेले होते."

"विचार करत होतो मी," वॉरिक म्हणाला. मग त्याने टक्कल चोळलं. "ग्लेन, अगं कशाला पण? किती थांबलीस, अर्धा दिवस? शिंक आली असेल. माझ्या वर्गात पोरं एकमेकांच्या पाठीवर उत्तरं लिहायची, आणि ही बाई एक श्वास घेऊन कबुलीजबाब द्यायला आलीय."

"कळवावं लागतं."

"कळवावं लागतं, कळवावं लागतं. मलाही माहितेय. आता तू बोललीस म्हणजे लागेलच." त्याने आपली पिशवी चाचपून चष्मा काढला, एक कोरा कागद काढला, आणि कपाळाला आठ्या घालून त्याकडे बघितलं. "तुझं नंतर घेतो. आधी पोरीचं म्हणणं घ्यावं लागेल, तिच्याच शब्दांत. टिल्डा, तुला काय म्हणायचंय यावर?"

टिल्डाने डोळे उघडले. ती ग्लेनिसकडे बघत नव्हती, खिडकीकडे बघत होती. तिचा जबडा हलला, थांबला, मान एका बाजूला ओढली गेली. ग्लेनिसला ते वाक्य दिसत होतं. तयार होतं, तिच्या स्वतःच्या जिभेच्या टोकावर होतं: माझा यात काही दोष नाही, मला माहीतही नव्हतं, ग्लेनची चूक आहे, मला शिक्षा करू नका. "तिला म्हणायचंय," ग्लेनिस म्हणाली, "की तिचा यात काही..." आणि थांबली. या वेळी आपली आपण, ठरवून. तोंड मिटलं. वॉरिक दुसरी गोळी तोंडात टाकायला निघाला होता, ती त्याने हातातच धरली. शांतता लांबत गेली, आणि ग्लेनिसला ती पूर्वीसारखीच सोसवेना, पण तिने हात मांडीवर घट्ट धरून ठेवले आणि समुद्राची गाज ऐकत राहिली.

"पेन घे," टिल्डा शेवटी म्हणाली.

"हिने लिहायचं?" वॉरिक म्हणाला. "हिच्याविरुद्धचं, हिनेच?"

"तुझं अक्षर," टिल्डा म्हणाली आणि दम घेतला, "कोंबडीचं आहे. सगळ्या शाळेला. माहितेय."

वॉरिकने कागद मुकाट्याने ग्लेनिसपुढे सरकवला. ग्लेनिसने पेन उचललं. टिल्डाने डोळे मिटले, मान मागे टाकली, जशी ती समीकरण सांगताना टाकते.

"ग्लेन थांबली," टिल्डा म्हणाली. ग्लेनिसने लिहिलं. "मी ते ऐकलं. तिचं पेन खरखरतं, म्हणून कळतं. ओळ. ती नेहमीच थांबते. जहाज हललं की थांबते. गुडघा दुखला की थांबते. मी बरोबर असले. तरी थांबते. ओळ. पहिल्या महिन्यात मी तिच्या थांबण्यावरून अंदाज घ्यायचे. सगळं चुकायचं. मग नाद सोडला."

वॉरिकच्या तोंडून एक आवाज निघाला. त्याने तो खोकल्यात मिसळून टाकला. ग्लेनिसचे कान तापले होते. धुतलेली पाटी. वर्षभर ती पोर मिटल्या डोळ्यांनी त्या पाटीवरचं सगळं वाचत होती, आणि कशाचाही उपयोग नाही म्हणून बाजूला ठेवत होती. लाज वाटली, आणि लाजेखालून काहीतरी हलकं वर येत होतं, त्याला काय म्हणावं ते तिला कळेना.

"ओळ," टिल्डा म्हणाली. "भाग असं मी घाईत म्हटलं. मग मला माझाच आवाज ऐकू आला. कॉस शून्य असू शकतो. हे मला ग्लेनने नाही शिकवलं. ते मलाच येतं. उत्तर माझं आहे. चारही उकली माझ्या."

ग्लेनिसने लिहिलं. आता पूर्णविराम येईल असं तिला वाटलं, आणि तिने तो दिला नाही. पेन कागदावर धरून ती बसली. टिल्डाचा घसा हलत होता. बाहेर हौदात पाणी सोडायला सुरुवात झाली असावी. खडकांमधून ते आत शिरतानाचा खोल आवाज येत होता.

"अजून आहे," टिल्डा म्हणाली. "ओळ. ग्लेन चांगली आहे. पण तिला वाटतं. की कुणी गप्प झालं. म्हणजे ते तिची वाट बघतंय."

पेन थांबलं. इस्पितळाची खिडकी, हलणारे ओठ, तिच्याकडे वळलेला तो चेहरा, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिलेला. तो मदत मागत नव्हता. तो फक्त अजून बोलून झाला नव्हता. ग्लेनिसच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कागदावरची शेवटची ओळ पुसट झाली.

"बघ," टिल्डा डोळे न उघडता वॉरिकला म्हणाली. "थांबली." आणि मग, "लिही, ग्लेन."

ग्लेनिसने लिहिलं, शब्द न् शब्द, एकही रेघ न बदलता. मग पेन तसंच कागदावर टेकवून ती पुढच्या शब्दासाठी थांबून राहिली.